कोणाचे घर बुडवून पाणी प्यावयाचे?



वसई-विरारला आपल्या नळांना सूर्या धरणाचे पाणी येते. त्या धरणासाठी आदिवासींची गावे उठली. हंडा भरताना हे ऋण विसरू नका.

आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरण बांधण्याची मुंबई महापालिकेची योजना आहे. मुंबईला रोज ४४ कोटी लिटर पाणी मिळावे म्हणून तानसा अभयारण्यातील जंगल बुडेल. ओगदे, खोडदे येथील आदिवासींना घरदार सोडावे लागेल.

तहान काय असते, हे आपल्याला कोणी शिकवावे? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. दुसऱ्याला बुडवून मिळते, तो हक्क नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यासाठी शाक्य कोलियांवर युद्धास उठले, तेव्हा सिद्धार्थाने आपल्याच संघाला विरोध केला व गृहत्याग पत्करला, असे बाबासाहेब सांगतात.

विरोध व्यर्थ जात नाही. केरळात कुंतीपुळा नदीवरील जलविद्युत धरणात सायलेंट व्हॅलीचे सदाहरित अरण्य बुडणार होते. शिक्षक, शास्त्रज्ञ, कवी उभे राहिले. धरण रद्द झाले, १९८४ साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान ठरले.

पहिले शील आपण रोज घेतो. जंगल बुडते तेव्हा किती जीव बुडतात? येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर हा प्रश्न मांडा. गळका नळ दुरुस्त करा, पावसाचे पाणी साठवा आणि आदिवासी बांधवांच्या बाजूने उभे राहा.

नमो बुद्धाय! जयभीम!