हाताला झेपणारी दुर्बीण

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेल्फॉस गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात लेस्ली पेल्टियर वाढला. त्याला हवी असलेली दुर्बीण १८ डॉलरची होती. स्ट्रॉबेरी तोडण्याची मजुरी क्वार्टाला, म्हणजे साधारण लिटरभर मापाला, २ सेंट. ९०० क्वार्ट स्ट्रॉबेरी तोडून त्याने पैसे उभे केले आणि दोन इंची दुर्बीण मिळवली. १९१८ साली रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी करायला त्याने सुरुवात केली आणि १९८० साली मृत्यू येईपर्यंत त्यात खंड पडू दिला नाही. नोंदी भरल्या एक लाख बत्तीस हजारांच्या वर. शिवाय बारा धूमकेतूंचा शोध त्याच्या नावावर आहे. मोठ्या दुर्बिणी पुढे त्याच्याकडे चालत आल्या, पण आकाशाकडे रोज पाहण्याची सवय त्या दोन इंची भिंगानेच लावली.

पहिली दुर्बीण घेणाऱ्याने हा क्रम लक्षात ठेवावा. आधी सवय, मग साधन. जे साधन सवय मोडतं ते कितीही भारी असलं तरी नवख्याच्या कामाचं नाही. गच्चीवर न्यायला दोन माणसं लागणारी, जुळवायला अर्धा तास खाणारी दुर्बीण महिन्याभरात माळ्यावर जाते.

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती पट मोठं दिसतं?’ खरा प्रश्न आहे, ‘किती प्रकाश गोळा होतो?’ भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, एवढीच उपयुक्त वर्धनाची मर्यादा. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट पुष्कळ झाले. खोक्यावर पाचशे पट छापलेलं असेल, तर ते खोकं तिथेच ठेवावं. वर्धन वाढवलं की दिसणारा आकाशाचा तुकडा आक्रसतो, मंदावतो आणि लेच्यापेच्या तिवईवर थरथरतो. नवख्याला तर आधी आकाशात वाट सापडायला हवी, आणि वाट सापडायला रुंद आकाश लागतं.

म्हणून माझा कौल १०×५० च्या बायनॉक्युलरला. दहा पट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगं, वजन किलोच्या आतबाहेर. दहाएक हजार रुपयांच्या आत चांगला मिळतो. ५० ला १० ने भागलं की ५ येतात. तेवढ्या मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की ती कमी उघडते. ७×५० चा सात मिलिमीटरचा झोत पन्नाशीच्या डोळ्यात बहुधा पुरता मावतच नाही. या हिशेबात मला मोठा अर्थ दिसतो. साधनाचं शेवटचं भिंग आपल्याच डोळ्यात आहे. त्याला अंधारात वीस-तीस मिनिटं रुळू देणं, मोबाइलचा पडदा बंद ठेवणं, नकाशा पाहायला मंद लाल दिवा वापरणं, ही तयारी फुकट आहे आणि महागड्या भिंगाइतकीच मोलाची आहे.

घेताना बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजेडाकडे पाहावं. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाची चकती दिसते. ती अगदी गोल असावी; कडा करड्या, चौकोनी दिसल्या तर आतला लोलक हलका आहे. दूरच्या दिव्याच्या दोन प्रतिमा दिसल्या तर घेऊच नये. झूमच्या मोहात पडू नये. आपल्याकडे चार महिने पावसाळा; त्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवावं.

आता हिवाळ्यात कठड्यावर कोपर टेकवून कृत्तिकांकडे पाहा. नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसणाऱ्या तारका डझनांनी उमलतात. गॅलिलिओने १६१० साली छापलेल्या पुस्तकात कृत्तिकांच्या छत्तीस तारका काढल्या होत्या. तेवढ्या तुम्हालाही मोजता येतील. मृग नक्षत्रातला तेजोमेघ धुरकट दिसेल. हात स्थिर असेल तर गुरूचे चंद्र ओळीत सापडतील. काळोख्या गावात देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दिसेल. त्याचा प्रकाश पंचवीस लाख वर्षं चालत आलेला आहे. शनीची कडी मात्र याने दिसायची नाहीत. ती पुढची पायरी, आणि ती चढायची ओढ लागली तर पहिली खरेदी सार्थकी लागली.

पैसे खर्च करण्याआधी एक करा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून काम करते आहे; मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. अशा एका रात्री जा, इतरांच्या दुर्बिणींना डोळा लावा, प्रश्न विचारा. मग जी दुर्बीण तुम्ही आठवड्यातून तीनदा न कंटाळता बाहेर काढाल, तीच घ्या.