मातीची परतफेड

जपानमधील कामिओका येथील जस्ताच्या खाणीतून कॅडमियम जिंझू नदीत मिसळले, नदीतून भातशेतीत आणि भातातून माणसांच्या हाडांत उतरले. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे त्या व्याधीचे नाव पडले. १९६८ साली सरकारने ती प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले.

अशा जमिनीत चुना घातला, भात निसवताना शेतात पाणी साचवून ठेवले, तर रोप कॅडमियम कमी शोषते. मात्र साचलेल्या पाण्यात आर्सेनिकचे शोषण वाढू शकते; शिवाय विष मातीतच राहते. हे उपाय अवश्य करावेत. आजच्या ताटातले अन्न आजच निर्धोक हवे. पण एवढ्याने न्याय झाला काय?

प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळाली तरी लुबाडलेले परत करण्याचे कर्तव्य उरतेच, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जक्कयाने चौपट परतफेडीची तयारी दाखवली. जिंझूकाठची दूषित शेते नव्या मातीने पूर्ववत करण्याचे काम १९७९ ते २०१२ पर्यंत चालले. खर्चाचा वाटा खाण कंपनीलाही उचलावा लागला. आम्हाला ती परतफेडच वाटते.

रोप काय शोषावे हे निवडत नाही. शेतकऱ्यानेही ते विष ओतलेले नसते. ज्याने ओतले, त्याने नुसते हळहळून भागणार नाही. देवाची माती त्याने देवाच्या लेकरांना परत करावी.