वाल्याचे पाप आणि राजाचा सहावा हिस्सा

पूल कोसळला, बँक बुडाली, एखाद्या महामंडळाच्या खरेदीत घोळ निघाला, की सभागृहात ठरलेले उत्तर येते: चौकशी केली जाईल, दोषी आढळल्यास कोणाचीही गय केली जाणार नाही. हे उत्तर आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काय गाळले आहे ते लक्षातही येत नाही. मंत्री बसल्या जागी न्यायाधीश होतो. दोषी तो शोधणार, शिक्षाही तोच देववणार. सभागृहाने मात्र त्याला न्यायनिवाडा करायला उभे केलेले नसते. त्याच्या ताब्यातल्या खात्याचा हिशेब मागितलेला असतो. हिशेब देणारा परस्पर न्यायासनावर जाऊन बसतो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही, याचे कारण आपल्या मनातल्या एका जुन्या गोंधळात आहे. जे कृत्य आपण केले नाही, जे आपल्याला माहीतही नव्हते, त्याची जबाबदारी माणसावर येते का? हा प्रश्न राज्यशास्त्राने हाती घेण्याच्या कितीतरी आधी धर्मविचाराने हाताळला आहे, आणि त्याला एक नव्हे, दोन उत्तरे मिळाली आहेत.

पहिले उत्तर मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. वाटसरूंना लुटून कुटुंब पोसणाऱ्या वाल्या कोळ्याला नारद विचारतात, या पापात तुझी बायकामुले वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. लुटीचे अन्न खाणारे सगळे पापाचा वाटा नाकारतात. कथेचा सगळा भार या नकारावर आहे आणि कर्मसिद्धान्ताच्या दृष्टीने तो नकार बरोबरही आहे: कर्म ज्याचे, फळ त्याचे. दुसरे उत्तर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. प्रजेचे नीट रक्षण करणाऱ्या राजाला तिच्या पुण्याचा सहावा हिस्सा मिळतो, आणि जो रक्षण करत नाही त्याच्याकडे तिच्या पापाचा सहावा हिस्सा जातो, असे तिथे म्हटले आहे. मनुस्मृतीत न पटण्यासारखे पुष्कळ आहे. १९२७ साली महाडला ती जाळली गेली ती उगीच नव्हे. पण या एका विधानात राज्यकारभाराचे मर्म सापडते. सहावा हिस्सा हे राजाच्या कराचेही रूढ प्रमाण. ज्या मापाने राजा प्रजेच्या उत्पन्नात वाटा घेतो, त्याच मापाने तिच्या पापात त्याला वाटा घ्यावा लागतो. पाप त्याने केले की नाही, हे तिथे विचारलेलेच नाही. कर घेतला एवढे पुरे.

दोन्ही उत्तरे एकाच परंपरेत नांदली, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. वाल्याचा प्रश्न दोषाचा आहे, आणि दोष कोणाला वाटून देता येत नाही. राजाचा प्रश्न पदाचा आहे. पदावरच्या माणसाने लोकांकडून घेतले म्हणून तो लोकांना बांधील झाला, मग त्याचे अंतःकरण कितीही निर्मळ असो. संसदेपुढची जबाबदारी या दुसऱ्या जातीची आहे. आपल्या राज्यघटनेत ती पैशाच्या वाटेने येते. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही, हे २६५वे कलम सांगते. संसदेने मंजूर केल्याशिवाय संचित निधीतून रुपया काढता येत नाही, हे २६६वे. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकाचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत सभागृहाच्या पटलावर येतो आणि तिथून लोकलेखा समितीकडे जातो. ज्या वाटेने पैसा गेला त्याच वाटेने हिशेब परत येतो. महाडच्या दहनामागे ज्यांचे नेतृत्व होते त्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना संसदीय पद्धत का निवडली ते सांगितले होते. स्थैर्यापेक्षा जबाबदारीला त्यांनी अधिक वजन दिले, कारण या पद्धतीत कारभाराचे मूल्यमापन पाच वर्षांनी मतदार करतात तसे रोजच्या रोज सभासदही करतात, प्रश्नांनी, ठरावांनी, चर्चेने.

हे रोजचे मूल्यमापन प्रत्यक्षात कसे होते, याचे सर्वांत बोलके प्रकरण १९५७ सालचे आहे. आयुर्विमा महामंडळ तेव्हा एकच वर्षाचे होते. १९५६ मध्ये दोनशेहून अधिक खासगी संस्थांचा विमा व्यवसाय एकत्र करून ते उभे केले होते. जून १९५७ मध्ये त्याने कोलकात्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. मुंध्रा त्या वेळी आर्थिक अडचणीत होते आणि महामंडळाच्या स्वतःच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेही गेले नव्हते. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण मांडले. ते सत्ताधारी काँग्रेसचे सभासद होते आणि पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत उघडपणे झाली. आत जागा न मिळालेल्या लोकांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत, या व्यवहाराला मी संमती दिली नव्हती. अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणत, मंत्र्यांना कल्पना होती. कागद बघावा तर कागद नाही, आणि इथेच खरी मेख आहे. आयुर्विमा महामंडळाच्या कायद्याचे २१वे कलम सांगते की सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत केंद्र सरकारने दिलेल्या सूचना महामंडळाने पाळाव्यात, पण त्या सूचना लेखी हव्यात. मुंध्रा व्यवहारात अशी लेखी सूचना कोणी दाखवू शकले नाही. जे काही झाले ते तोंडी.

छागलांनी काढलेला निष्कर्ष थोडक्यात असा: मंत्र्याने नंतर हात झटकले तरी सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी त्याचीच राहते. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. पुढे ते मंत्रिमंडळात परतले आणि पुन्हा अर्थमंत्री झाले. पटेल तर १९७७ च्या जनता सरकारात स्वतःच अर्थमंत्री झाले. काहींना यात सगळा तमाशाच दिसतो. मला तसे वाटत नाही. राजीनामा ही दोषाची शिक्षा असती तर परत येणे आक्षेपार्ह ठरले असते. तो पदाने देणे लागत असलेला हिशेब होता. तो चुकता झाल्यावर माणूस मोकळा झाला. लालबहादूर शास्त्रींनी १९५६ मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर पद सोडले, तेव्हाही नेहरूंनी राजीनामा स्वीकारताना हा फरक स्पष्ट केला होता: शास्त्री अपघाताला जबाबदार आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा दाखला राहावा म्हणून.

यावर पहिला आक्षेप नीतिविचाराचाच आहे. टिळकांनी 'गीतारहस्या'त कृत्याच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ मानले. ज्याची बुद्धी शुद्ध होती त्याला दुसऱ्याच्या चुकीपायी पायउतार करणे हा अधर्म नव्हे काय? माणसाची पारख करायची असेल तर टिळक बरोबर आहेत. पण संसदेला कोणाच्या अंतःकरणात डोकावता येत नाही, आणि तिने तसा प्रयत्नही करू नये; तिच्या हातात फक्त कागद आहेत. शिवाय शुद्ध बुद्धीचा युक्तिवाद एकदा मान्य केला की तो वरपासून खालपर्यंत सगळ्यांना उपयोगी पडतो. मंत्री म्हणतो, मला ठाऊक नव्हते. सचिव म्हणतो, मी मंत्र्यांचा कल ओळखला. महामंडळाचा अध्यक्ष म्हणतो, मी निमित्तमात्र. गीतेने अर्जुनाला दिलेली भूमिका तिसऱ्या मजल्यावरच्या केबिनपर्यंत येऊन पोहोचते, फक्त इथे आज्ञा करणारा परमेश्वर नसून दूरध्वनी असतो. प्रत्येक जण निर्दोष आणि सव्वा कोटी गेलेले. वाल्याच्या घरच्यांनी दिलेले उत्तर त्यांच्या जागी ठीक होते, कारण कोणी त्यांच्याकडे लोकांचे धन सोपवले नव्हते. मंत्रालयाच्या तोंडी ते शोभत नाही.

दुसरा आक्षेप कारभारातल्या अनुभवी माणसांचा, आणि तो मला अधिक वजनाचा वाटतो. महामंडळे मुद्दाम सरकारपासून हातभर अंतरावर ठेवलेली असतात. प्रत्येक खरेदीवर तारांकित प्रश्न पडू लागला तर व्यवस्थापक धोका पत्करणार नाहीत, फाईल वर ढकलून मोकळे होतील. हे खरे आहे, घडतेही. पण मुंध्रा प्रकरणात महामंडळाची स्वायत्तता संसदेने मोडली नव्हती. ती मंत्रालयाने मोडली, तीही तोंडी, आणि संसदेत प्रश्न आला म्हणून ते उघड झाले. लेखी सूचनेची अट ही स्वायत्ततेची खरी कुंपणभिंत आहे. सूचना द्यायची असेल तर सही करा आणि सभागृहाला उत्तर द्या. सही करायची नसेल तर महामंडळाला आपल्या समितीच्या सल्ल्याने चालू द्या. १९६४ मध्ये संसदेने सार्वजनिक उपक्रमांसाठी वेगळी समिती नेमली, तिलाही दैनंदिन कारभारात आणि सरकारी धोरणाच्या मोठ्या प्रश्नांत शिरण्यास मनाई आहे. मर्यादा आहेत त्या योग्यच आहेत.

राहिला निराशावाद्यांचा आक्षेप: बहुमत पाठीशी असलेला मंत्री पडत नसतो, तेव्हा ही सारी उठाठेव कशाला? राजीनाम्यांपुरते बोलायचे तर ते बरोबर आहे. शास्त्री आणि कृष्णम्माचारी हे अपवादच. पण राजीनामा हा हिशेबाचा शेवटचा आणि दुर्मीळ टप्पा आहे. त्याआधीचे टप्पे कमी नाहीत. १९६७ मध्ये मिनू मसानी लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून ते पद विरोधी पक्षाकडे राहण्याचा प्रघात पडला. समितीवर बावीस सभासद असतात, मंत्री एकही नसतो, आणि साक्षीला सचिव बसतो. एक विचित्रपणा मात्र खराच: सभागृहात मंत्री उत्तर देतो आणि समितीपुढे सचिव, म्हणजे १९५८ मध्ये समोरासमोर आलेली ती जोडी आता दोन वेगळ्या खोल्यांत बोलते. माझ्या मते ही व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट आहे, पक्षादेशाहूनही मोठी. पक्षादेश म्हटला की सगळे १९८५ च्या पक्षांतरबंदीकडे बोट दाखवतात. पण दहावी अनुसूची बांधते ती सभागृहातले मत. प्रश्न विचारण्याला, पत्रव्यवहार पटलावर ठेवा अशी मागणी करण्याला ती हात लावत नाही. फिरोज गांधींनी सत्ताधारी बाकांवरून जे केले ते आजचा सभासदही अपात्र न ठरता करू शकतो. पक्षाचे तिकीट पुढच्या वेळी मिळेल का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर घटनेच्या कुठल्याही अनुसूचीत लिहिलेले नाही.