फासा खाली ठेवणारी पिढी

फासेपारध्यांची पारध ही वऱ्हाडातली सर्वांत कसबी शिकार. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती या पट्ट्यात माळ, गायरान आणि शेतांचे धुरे हे तिचे मैदान. तितर, लावा, ससा आणि काळवीट हे तिचे सावज. बंदूक या परंपरेत नाहीच. घोड्याच्या शेपटीचे केस पिळून केलेले बारीक गळफास बांबूच्या खुंट्यांना बांधायचे आणि गवतातून ओळीने रोवायचे, की तितरासाठीचा फासा तयार. जवळ पिंजऱ्यात पाळीव तितर ठेवला जातो. तो बोलला, की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून रानतितर धावून येतो आणि मान नाहीतर पाय अडकवून घेतो. काळविटाच्या मागावर असताना पारधी शिकवलेल्या बैलाआड चालतो. चरत चरत जवळ येणाऱ्या बैलाला हरीण बुजत नाही.

या कामाला पाखराची वीण, त्याची वेळ, पाणवठा आणि पायवाट तोंडपाठ असावी लागते. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी लेखकाने रानातल्या माणसांच्या अशा ज्ञानाला मराठीत मानाचे पान दिले. पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, हे शिक्षण बापाकडून मुलाला चालता-बोलता मिळते. म्हणून शिकार का करायची, असे बेड्यावरचा मुलगा विचारतो तेव्हा तो एका सवयीवर बोट ठेवून थांबत नाही. बापाचे ज्ञान, घरची चूल आणि जमातीची ओळख, तिन्ही गोष्टी तो पणाला लावत असतो.

मराठी मनाला हा प्रश्न नवा नाही. श्रीधरस्वामींनी 1718 साली रचलेल्या ‘शिवलीलामृता’तील व्याधाची कथा महाशिवरात्रीला घरोघरी वाचली जाते. पाडसाला भेटून परत येते, असा शब्द देऊन गेलेली हरिणी खरोखर परतते आणि व्याधाच्या हातून बाण सुटत नाही. शिकाऱ्याचे मन शिकारीच्या क्षणीच पालटावे, ही कल्पना फार मोठी आहे. पण कथेत व्याधाला कैलासाचे विमान नेते. त्याच्या भुकेल्या घराचे दुसऱ्या दिवशी काय झाले, हे ती सांगत नाही. शिकार सोडण्याचा खरा पेच तिथेच सुरू होतो.

मौजेची शिकार करणाऱ्यांना हा पेच कधी पडला नाही. कोल्हापूरच्या दरबारात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. रानातले चित्ते जिवंत धरून देणारे चित्ता-पारधी हे याच जमातीचे एक अंग. 1947 मध्ये कोरिया संस्थानाच्या राजाने तीन चित्ते मारले आणि भारतातल्या मूळ चित्त्याची ती शेवटची खात्रीची नोंद ठरली. त्या राजांच्या शिकारी अभिमानाने भिंतीवर टांगल्या गेल्या, तर तितर धरणाऱ्या पारध्याच्या कपाळी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार हा शिक्का बसला. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. संशयाने पाहणारी नजर मात्र गावागावांत आजही टिकून आहे, आणि ती अन्यायाचीच आहे.

पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात परवाना घेऊन शिकार करण्याची सोय होती; 1991 च्या दुरुस्तीने ती गेली. काळविटासारखा अनुसूची एकमधील प्राणी मारल्यास 3 ते 7 वर्षांची कैद आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीने किमान दंड 10 हजारांवरून 25 हजार रुपयांवर नेला. हा कायदा हवाच. माळराने नांगराखाली गेली, कापूस-सोयाबीन वाढले आणि उरलेल्या गवतातल्या पाखरांना फाशाचा मार सोसण्याइतकी संख्या राहिली नाही. मात्र कायद्याने फासा काढून घेतला तेव्हा त्या हातात दुसरे काही दिले नाही.

बंदीबरोबर दुसरा आधारही देता येतो, हे 1973 च्या डिसेंबरात हेमलकशाला गेलेल्या तरुण डॉ. प्रकाश आमटे यांनी दाखवले. मारलेली माकडीण खांद्यावर घेऊन निघालेले माडिया आदिवासी त्यांना भेटले. तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगलेले होते. आमटेंनी ते पिल्लू मागून घेतले. त्यानंतर अशी पिल्ले आणून देणाऱ्यांना ते धान्य देऊ लागले, आणि दवाखाना व शाळा शेजारीच उभ्या राहिल्या. माडियांना भूक होती म्हणून ते मारत होते, हे मान्य करून केलेले ते काम होते. तरी हा प्रश्न बाहेरून आलेल्या माणसाचा होता.

बेड्याच्या आतून उठलेल्या प्रश्नाचे उदाहरण वाशिम-अकोला भागात आहे. कारंजा लाड येथील कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेबरोबर तिथल्या फासेपारध्यांनी तणमोर वाचवण्याचे काम हाती घेतले. हा पक्षी पावसाळ्यात गवतात वीण घालतो. नर मादीला बोलावण्यासाठी गवतावर पुन्हा पुन्हा उंच उड्या मारतो आणि त्याच उडीमुळे शिकाऱ्याच्या नजरेत येतो. तो कुठे उडी मारेल हे पारध्याइतके कोणाला ठाऊक असणार? पकडण्यासाठी शिकलेली तीच दृष्टी पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला कामी आली. वडाळा गावच्या पारध्यांनी आपला गवताळ माळ राखायला घेतला.

अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी तरुणाने शिक्षकाची नोकरी सोडून 2012 मध्ये ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा काढली. सिग्नलवर आणि रेल्वेत भीक मागणारी बेड्यांवरची मुले तिथे शिकू लागली. पुढे समृद्धी महामार्गासाठी याच शाळेच्या काही इमारती पाडल्या गेल्या. फासा सोडून पाटी धरणाऱ्या मुलांच्या वाट्याला हे यावे, याची लाज सर्वांना वाटायला हवी.

बुलढाणा जिल्ह्यात या विषयाला आज वेगळी निकड आहे. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरील बोथ्याचे रान 1997 मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य झाले. सुमारे 205 चौरस किलोमीटरच्या या जंगलात अस्वल, बिबट्या, नीलगाय आणि चिंकारा आहेत. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला टी-1-सी-1 हा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ तेलंगणातून वळसा घेत, शेते आणि महामार्ग ओलांडत ज्ञानगंगेत येऊन थांबला. ज्या सावजावर वाघ जगतो, तेच फाशात आणि वीज सोडलेल्या तारांत मरते. हंगामात नीलगाय आणि रानडुक्कर उभे पीक उद्ध्वस्त करतात तेव्हा शेतकरी तारा लावतो, म्हणजे शिकारीचे कारण एकट्या पारध्याच्या घरात नाही.

जंगलात पावलांचे ठसे वाचणारी, फासा दुरून ओळखणारी आणि पाखराचा आवाज हुबेहूब काढणारी मुले जिल्ह्याच्या बेड्यांवर आहेत. वन विभागाने ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांत त्यांना माग काढण्याच्या व गस्तीच्या कामावर पगारी घ्यावे, महसूल खात्याने त्यांचे जातीचे दाखले अडवू नयेत, आणि ग्रामपंचायतींनी गायरानातला एक तुकडा गवतासाठी त्यांच्या राखणीला द्यावा.