हाताची खबर

कोयनानगरच्या बाजारात आक्कांची खानावळ चालायची तेव्हा कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं काम जोरात होतं. 1999 च्या मार्चमध्ये शिवसागराच्या तळाशी स्फोट करून जलाशयाचं पाणी थेट बोगद्यात घेतलं, ते ‘लेक टॅपिंग’ महाराष्ट्रभर गाजलं. त्याआधी काही वर्षं डोंगराच्या पोटात माणसं रात्रंदिवस खडकाला भोकं पाडत होती. पाळी सुटली की त्यातली बरीच आक्कांच्या बाकड्यांवर येऊन बसत.

खानावळीचा एकच नियम होता आणि त्यावरच ती चालत होती. ताटाचे पैसे ठरलेले, भाकरी मोजायची नाही. बोगद्यातून आलेला गडी तांदळाच्या चार भाकऱ्या सहज उडवतो. तेव्हा दिवसाला किती थापल्या जात असतील ते आक्कांनाही ठाऊक नव्हतं. मोजायची नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःसाठीही मोजली नव्हती. मळायचं, थापायचं, बोटांनी तव्यावर उलटायची, वर पाणी फिरवायचं, निखाऱ्यावर फुगवायची. पहाटेपासून दुपारपर्यंत, आणि पुन्हा दिवेलागणीपासून शेवटचं ताट उठेपर्यंत.

पहिल्यांदा रात्री जाग आली ती पावसाळ्यात. इथला पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे सगळं खापर ओलीवर फुटलं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, यांना मुंग्या यायच्या आणि मग हात कुणाचातरी दुसऱ्याचाच असल्यासारखा जड व्हायचा. आक्का उठून अंधारात हात झटकत बसायच्या. झटकलं की जरा बरं वाटायचं. निर्गुडीचा पाला बांधून झाला, तिळाचं तेल झालं, गावातल्या डॉक्टरची सुई झाली. शेजारणी म्हणाल्या, वात आहे, राबणाऱ्या बाईला होतोच. आपल्याकडं बाईचं दुखणं दोनच ठिकाणी बसतं, वातात नाहीतर नशिबात. तिसरी जागा शोधायला एसटीचं तिकीट काढावं लागतं, आणि खानावळ बंद ठेवून तिकीट काढणार कोण?

म्हणून त्यांनी लपवलं. वाटी हातातून सुटली तर तेलकट होती म्हणायचं. चोळीची बटणं लागेनात तेव्हा समोरून गाठ मारायची चोळी शिवून घेतली.

गल्ल्यावर त्यांचे सासरे बसत. मालक टेम्पोवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. म्हणून सासरा आणि सून या दोघांनीच खानावळ ओढली होती. म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणत. तात्या बारा महिने बिनबटणाची बंडी घालत. विचारलं तर सांगत, उकडतं. कोयनेच्या जानेवारीतही उकडतं, हे कुणाला खटकलं नाही. चहाचा पेला ते दोन्ही हातांनी धरत. सुटे द्यायची वेळ आली की गल्ल्यात हात घालून नाणं कधी काढत नसत, सगळी नाणी ताटलीत ओतत आणि डोळ्यांनी निवडून देत. आक्कांना वाटे, मामंजींची नजर कमी झाली. एकाच छपराखाली दोघं एकच गोष्ट लपवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला कळत नाही.

श्रावणातल्या एका संध्याकाळी गर्दी होती, आक्का घाईत भाकरी उलटत होत्या. तात्या गल्ल्यावरून बघत होते. सुनेची दोन बोटं तापल्या तव्याला टेकली. चटका बसला की हात आपसूक मागं येतो, त्याला सांगावं लागत नाही. हा हात मागं आला नाही. भाकरी नीट उलटेपर्यंत तिथंच राहिला.

शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत तात्या काही बोलले नाहीत. मग चुलीजवळ आले.

“सूनबाई, हात दाव.”

“काय न्हाई मामंजी, पीठ लागलंय.”

“पीठ धू आणि दाव.”

सासऱ्यानं सुनेचा हात हातात घ्यायची रीत नाही. तात्या म्हणाले, परातीवर ठेव. आक्कांनी ठेवला. मधल्या बोटावर फोड टरारून आली होती आणि ती आक्कांनी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

तात्या पाटावर बसले. आपले दोन्ही हात त्यांनी त्याच परातीवर, सुनेच्या हातासमोर ठेवले.

“मी अठरा-एकोणीस वर्साचा आसंन, पोफळीच्या पावर हाऊसच्या बोगद्यात लागलो. जॅकहॅमर छातीला लावायचा आणि पाळीभर दाबून धरायचा. गडी मशिन सोडत न्हाई म्हणून मुकादमाचा मी लाडका. दोन-चार वर्सांत थंडीत बोटं पांढरीफटक पडाय लागली. म्या म्हणलं, गारठा हाय. आधी दुखायचं, मुंग्या यायच्या. मग हळूहळू दुखायचं थांबलं. मला वाटलं, बरं झालं.”

मग त्यांनी 11 डिसेंबर 1967 ची पहाट सांगितली. ती कोयनानगरला कुणी सांगावी लागत नाही, पण तात्यांनी त्यांची स्वतःची कधीच सांगितली नव्हती. चारच्या पुढं वाजले होते. जमीन हलली आणि दगडामातीची घरं जागच्या जागी बसली. परिसरात दीडशेहून जास्त माणसं गेली. तात्या बाहेर फेकले गेले, म्हणून वाचले. मग उजाडेपर्यंत नुसत्या हातांनी दगड उपसत राहिले. तांबडं फुटल्यावर एक बाई त्यांच्याकडं बघून किंचाळली. तळहात पत्र्यानं मनगटापर्यंत फाटला होता, त्यातून धार लागली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता.

“लोकं म्हणाली, काय जिगर हाय गड्याची, हात फाटला तरी थांबला न्हाई. जिगर कसली! हाताकडनं खबरच आली न्हवती. पण म्या कुणाला सांगितलं न्हाई. शाबासकी फुकट मिळत हुती.” तीस वर्षं ती शाबासकी ते पांघरून बसले होते. “तुजं अजून रात्री दुखतंय न्हवं?”

आक्कांनी मान हलवली.

“मग टायमात हाय. उद्या कराड.”

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण तात्यांना ती कुणीच सांगितली नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात चुनखडीच्या खाणी आहेत. हवेच्या दाबावरची हत्यारं चालवणाऱ्या तिथल्या पाथरवटांची बोटं थंडीत पांढरी आणि बधिर पडतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी 1918 साली तपासून लिहून ठेवलं होतं. पोफळीच्या डोंगराला पहिलं यंत्र लागलं तेव्हा या माहितीला चाळीस वर्षं होत आली होती. यंत्रं सातासमुद्रापलीकडून वेळेवर येतात. त्यांच्याबरोबरची ताकीद वाटेतच कुठंतरी उतरते.

पाटणमार्गे एसटीनं दोघं कराडला गेली. डॉक्टरांनी आक्कांना आधी एकच विचारलं, “रात्री उठून हात झटकता का?” न सांगता यांना कसं कळलं म्हणून आक्का बघतच राहिल्या. मग त्यांनी दोन्ही मनगटं दुमडून मिनिटभर धरायला लावली. मिनिट भरायच्या आत मुंग्या आल्या. करंगळी कशी आहे विचारलं. करंगळी ठणठणीत होती. तीच खूण, डॉक्टर म्हणाले, करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते. मनगटात खाली हाडं, वर जाड पट्टा, आणि मधल्या अरुंद वाटेतून बोटं वळवणाऱ्या नऊ शिरा आणि एक नस जाते. सतत वळवून, दाबून त्या शिरांची वेष्टणं सुजतात. वाट तेवढीच राहते, मग चेपते ती नस. याला कार्पल टनेल म्हणतात, म्हणजे मनगटातला बोगदा.

बोगदा म्हटल्यावर तात्या खुर्चीत पुढं सरकले. “मग करायचं काय? माथा उडवायचा?”

डॉक्टर हसले. गरज पडली तर तेच करतात म्हणाले. वरचा पट्टा कापून नसेला जागा करून देतात. अंगठ्याच्या बुडाचा गोळा झिजू लागला तर वाट बघत बसायचं नाही. पण अजून तिथवर गेलेलं नाही. आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपायचं, साखर आणि थायरॉईड तपासायचं, त्यांच्यामुळंही हे होतं. उतार पडला नाही तर मनगटात इंजेक्शन. आणि कामात बदल. हे शेवटचं ते पटकन बोलून गेले. सगळे डॉक्टर ते पटकनच बोलतात.

तात्यांच्या हातांसाठी फारसं काही राहिलं नव्हतं. हात ऊबदार ठेवा, बिडी सोडा. बिडी त्यांनी एसटी स्टँडवरच सोडली. संध्याकाळी पुन्हा धरली, आणि मग बऱ्याच भांडणांनंतर खरोखर सोडली.

कामातला बदल मात्र पट्टा बांधण्याइतका सोपा नव्हता. खानावळीच्या नियमालाच हात घालावा लागला. ताटाला दोन भाकऱ्या, पुढं भात हवा तेवढा. पहिले काही दिवस गिऱ्हाईक तुटलं. थापण्याऐवजी उकड काढून लाटायला घेतली, तर एका फिटरनं ताट सरकवलं, म्हणाला ही भाकरी न्हवं, चपातीची मावसबहीण. जेवलेलं ताट ज्याचं त्यानं विसळायचं असं ठरलं, त्यावरूनही रुसवेफुगवे झाले. आणि पीठ मळायला बसले तात्या. बाजारभर चर्चा झाली की म्हाताऱ्याला सुनेनं परातीला जुंपला.

तात्यांच्या मनगटात ताकद उदंड होती, पण उकड किती गरम आहे हे त्यांच्या बोटांना कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी पोळले असते. मग आक्कांनी आधी करंगळी लावून बघायची, ‘आता घ्या’ म्हणायचं, आणि मग तात्यांनी हात घालायचा. दोन माणसांच्या चार हातांत भरवशाची बोटं तेवढीच उरली होती, त्यांच्यावर खानावळ चालू लागली.

आक्कांचा हात पुरता बरा झाला असं मी सांगणार नाही. दिवाळीपर्यंत रात्रीची झोप लागू लागली. लग्नसराईत पंगतीची ऑर्डर घेतली की दोन दिवस पुन्हा तेच. फरक पडला तो थांबण्याच्या जागेत. पूर्वी हात सुन्न झाला की त्या थांबत; आता पहिली मुंगी आली की पोळपाट बाजूला करून बसत आणि समोरच्याला सांगत, बस, हात म्हणतोय थांब. आधी असं चारचौघांत बोलायची त्यांना लाज वाटायची. भुकेल्या माणसासमोर हात थांबवायला कष्ट करण्यापेक्षा जास्त धीर लागतो, आणि त्याला कुणी जिगर म्हणत नाही.

तात्यांना मात्र एक नवाच नाद लागला. बोगद्यातून येणाऱ्या पोरांचे हात ते न्याहाळू लागले. पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलणारा, जेवताना मध्येच हात झटकणारा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पैसे द्यायला आला की त्याला डोळे मिटायला लावायचे, तळहातावर एक नाणं ठेवायचं आणि बोटांनी चाचपून सांग म्हणायचं. तेव्हाच्या दोन रुपयाला अकरा कोन होते, पाचचं नाणं चांगलं जाड, रुपया गोल नि पातळ. चांगल्या बोटांना चुकणं अवघड. जो चुकेल त्याचे त्या दिवसाचे पैसे तात्या घेत नसत. बदल्यात कराडच्या दवाखान्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी देत आणि तो जाऊन येईपर्यंत रोज तेच विचारून त्याचं जेवण नको करून सोडत. दोन पोरं जाऊन आली. एकानं ड्रिल सोडून पाणी मारायचं काम मागून घेतलं.

मग एका रात्री ठेकेदाराचा मुकादम तणतणत आला. म्हातारा आमची माणसं बिघडवतोय म्हणाला. हातात मशिन धरलं की मुंग्या येणारच; मी स्वतः बारा वर्षं मारलंय, मला काय झालं? खानावळ गप्प झाली. तात्यांनी वाद घातला नाही. नाण्यांची ताटली पुढं सरकवली आणि म्हणाले, “डोळं मिट, साहेब.”

सगळे बघत होते म्हणून मुकादमानं मिटले. तात्यांनी हातावर नाणं ठेवलं. त्यानं ते अंगठ्यानं फिरवलं, चाचपलं, पुन्हा फिरवलं.

“रुपाया,” तो ठासून म्हणाला.

हातावर दोन रुपये होते. कुणी हसलं नाही. त्यानं डोळे उघडले, नाण्याकडं बघितलं, मग उगाचच दिव्याजवळ नेऊन बघितलं.

आक्कांनी तव्याखालचा जाळ कमी केला, पदराला हात पुसले आणि विचारलं, “भाऊ, रात्री किती वेळा उठता?”