चुकण्याची मुभा

१८ मे २०१७ रोजी रीमा लागू गेल्या. तेव्हा जे लिहिलं गेलं, बोललं गेलं, त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला: आई. सलमानची आई, माधुरीची आई, शाहरुखची आई, संजय दत्तची आई. हे सगळं प्रेमानेच लिहिलेलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तरीही एवढ्या मोठ्या अभिनेत्रीची आठवण काढताना आपण तिच्या कामाचा एक कोपराच तेवढा उजेडात आणतो आणि बाकी घर अंधारात ठेवतो, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

जन्मसालं शेजारी मांडून पाहावीत. रीमा लागू यांचा जन्म १९५८चा. १९८८ साली 'कयामत से कयामत तक'मध्ये त्या जुही चावलाच्या आई झाल्या तेव्हा त्यांनी तिशीही धड ओलांडली नव्हती. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया' आला. त्यात मुलगा झालेला सलमान खान त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आणि १९९९च्या 'वास्तव'मधला मुलगा संजय दत्त तर त्यांच्याहून जेमतेम तेरा महिन्यांनी लहान.

ही रीत त्यांच्यापासून सुरू झाली नाही. सुलोचनादीदींचा जन्म १९२८चा, देव आनंदचा १९२३चा, आणि १९७०च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्या त्याच्या आई होत्या. दुर्गाबाई खोटे, सुलोचनादीदी, रीमा लागू: हिंदी पडद्याला मराठी रंगभूमीने आणि मराठी चित्रपटांनी किती आया पुरवल्या! तिशीतल्या बाईला प्रौढ दाखवायचं तर नुसते केस पांढरे करून भागत नाही. चालणं, बसणं, मुलाच्या खांद्यावर हात ठेवणं, सगळ्यालाच वय यावं लागतं. ते आणण्याची तयारी ज्यांच्याकडे होती त्यांना बोलावणं आलं, आणि एकदा आलं की ते त्याच कामासाठी येत राहिलं. नायक पन्नाशीपर्यंत कॉलेजात जात राहिला. त्याच्या बरोबरीच्या बाईला मात्र तिच्या कसबानेच म्हातारं केलं. हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हणावा.

त्यात रीमा लागू यांनी आपल्या परीने काही बदललंही. त्यांच्याआधीची हिंदी सिनेमातली आई बहुधा विधवा, गरीब, शिलाईच्या मशीनवर वाकलेली, सोसणारी. 'मैंने प्यार किया'मधली आई सुखवस्तू घरातली, नीटनेटकी. ती मुलाची थट्टा करते, त्याच्या आवडीची मुलगी तिलाही आवडते आणि ती नवऱ्याच्या मताविरुद्ध उभी राहते. मुलाने जिला मनातलं सांगावं अशी आई त्यांनी पडद्यावर आणली आणि ती इतकी पटली की पुढची दहा-बारा वर्षं प्रत्येक दिग्दर्शकाला तीच हवी होती. या आईला दुःख थोडं कमी झालं, पण दोष मात्र एकही मिळाला नाही. ती चिडत नाही, हेवा करत नाही, तिला स्वतःसाठी काही हवं नसतं. जिला काही नको असतं अशा माणसाची भूमिका करणं फार अवघड, कारण नटाला धरायला काही उरतच नाही. रीमा लागू यांनी त्या मोकळ्या जागा नजरेने आणि त्या किंचित जड, ऊबदार आवाजाने भरल्या. ते श्रेय त्यांचं, लेखकांचं नव्हे.

कारण त्या आलेल्या होत्या भरगच्च भूमिकांमधून. मूळच्या त्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या नामवंत अभिनेत्री. पुण्यात हुजूरपागेत शिकल्या. १९७९पासून दहाएक वर्षं युनियन बँकेत नोकरी आणि जोडीला नाटक. त्या काळात मुंबईतल्या बँकांमधून कितीतरी रंगकर्मी असेच काम करत. दिवसा लेजर, संध्याकाळी तालीम, आंतरबँक स्पर्धा, शनिवार-रविवारी प्रयोग. महिन्याच्या पगाराची शाश्वती होती म्हणून मराठी नाटकाला धाडसी भूमिका करणाऱ्या कितीतरी बायका मिळाल्या, याची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये त्या अंबिका होत्या. समोर नाना पाटेकरांचा गुलाबराव. पुढाऱ्याच्या अत्याचाराला बळी पडलेली आणि मग हिशेब चुकता करणारी ही शिक्षिका. शेखर ताम्हाणे यांच्या 'सविता दामोदर परांजपे'मध्ये तर एकाच देहात दोन बायका, आणि एकीतून दुसरी उगवताना प्रेक्षकांच्या अंगावर काटा. ज्यांनी हे प्रयोग पाहिले त्यांना सिनेमातल्या त्या गोड आईकडे पाहताना काय वाटत असेल?

मग आलं १९९४. त्या वर्षी 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या थिएटरांत प्रेमळ, हसतमुख विहीणबाई होत्या, आणि त्याच सुमारास घरच्या छोट्या पडद्यावर 'तू तू मैं मैं'मधली देवकी कंबर कसून सुनेशी भांडत होती. दिग्दर्शक सचिन, सून सुप्रिया पिळगांवकर. सासू सुनेपेक्षा नऊ वर्षांनीच मोठी. पण इथे त्यांना वयाबरोबर स्वभावही मिळाला. देवकी खोचक आहे, लबाड आहे, तिला जिंकायचं असतं. सुनेचं वाक्य पुरतं संपायच्या आत हिच्या चेहऱ्यावर उत्तर तयार झालेलं दिसतं, पण ती ते लगेच देत नाही. क्षणभर थांबते, मान किंचित वळवते, आणि मग शब्द टाकते. हे थांबणं नाटकात शिकलेलं आहे. प्रेक्षागृहातला हशा किती वेळ टिकेल, तो ओसरायला लागल्यावर नेमकं कधी बोलायचं, हे अंगात मुरलेलं असलं की समोर कॅमेराच असला तरी घरोघरी बसलेल्या माणसांच्या हसण्यासाठी जागा सोडता येते. 'श्रीमान श्रीमती'मधली कोकिळा कुलकर्णी याच काळातली, तितकीच नेमकी. या दोघींना हसताना आपण आपल्या घरातल्या बायकांना ओळखत होतो. माझ्या मते रीमा लागू यांचं पडद्यावरचं सर्वोत्तम काम या मालिकांत आहे, आणि विनोदी म्हणून आपण ते दुय्यम धरलं.

सिनेमानेही पुढे थोडी वाट दिली. १९९९ साली, एकापाठोपाठ एक, दोन चित्रपट आले. 'हम साथ साथ हैं'मधली ममता मैत्रिणींच्या सांगण्याला भुलते आणि सावत्र मुलाला घराबाहेर जावं लागतं. चूक करू देणारी ही भूमिका, पण चित्रपटाला त्या चुकीची घाई झालेली. पश्चात्ताप लगेच हजर. महेश मांजरेकरांच्या 'वास्तव'ने मात्र धीर धरला. तिथली शांता मध्यमवर्गीय मराठी घरातली. मुलगा गळ्यात जाड सोन्याची साखळी घालून घरात येतो, आईपुढे मिरवतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग, भीती आणि पोटच्या पोराला पाहिल्याचं सुख एकदमच असतं. त्यातलं काहीच ती पुसून टाकत नाही. आणि अखेरीस त्याच्या विनवणीवरून तीच त्याच्यावर गोळी झाडते. १९५७च्या 'मदर इंडिया'त नर्गिसने हेच केलं होतं, आणि संजय दत्त तर नर्गिसचाच मुलगा. पण नर्गिसच्या राधाची गोळी गावाच्या अब्रूसाठी होती, तिच्यामागे न्याय उभा होता. शांतामागे काही उभं नाही. ती देवी होत नाही, बाईच राहते, आणि हातून घडलेलं घेऊन पुढे जगते. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं.

शेवटच्या दिवसांत त्या 'नामकरण' या मालिकेत दयावंती मेहता करत होत्या. मुलाने जिच्यासोबत संसार मांडला तिला न स्वीकारणारी, आपल्याच नातीच्या वाट्याला दुःख आणणारी ही करारी बाई. वय ५८. ज्या आयांनी त्यांना घराघरांत नेलं त्यांची ती पार उलटी बाजू होती आणि ती त्या ठसक्यात रंगवत होत्या. अशा आणखी दहा-वीस बायका त्यांच्याकडून सहज झाल्या असत्या, जर आधीची तीस वर्षं लेखकांनी आईला थोडं चुकू दिलं असतं.