आजारी कोंबडी आणि आपली अमानत

वाचकहो, तळोज्याच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत वाढली आणि दुसऱ्या अंगाला खारघरच्या इमारती उभ्या राहिल्या. तरी गावठाणातील कित्येक घरांच्या परसात खुराडे अजून टिकून आहे. चार-सहा गावठी कोंबड्यांची अंडी घरातील स्त्रीच्या हाती हक्काचा थोडा पैसा आणतात. अशा घरात एके सकाळी दोन कोंबड्या मान टाकून बसलेल्या दिसतात, आणि प्रश्न उभा राहतो: यांना मारून टाकावे काय? मारले तर तो जुलूम ठरेल काय?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. मुका जीव आपल्या मालकीचा असला तरी तो अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला त्याच पापाची शिक्षा झाल्याचे आदरणीय पैगंबर (स.) यांनी सांगितले आहे. चिमणीएवढा जीवही विनाकारण मारला तर त्याचा जाब द्यावा लागेल, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. तेव्हा "कोंबडीच ती" असे म्हणून सुटका होत नाही.

मात्र निर्णयापूर्वी ज्ञान हवे. प्रत्येक आजारी कोंबडी मारण्याजोगी नसते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या रोगाची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. देवी आलेले पक्षीही पुष्कळदा बरे होतात. याउलट बर्ड फ्लूमध्ये पक्षी पटापट मरतात, तुरा निळसर पडतो, डोके सुजते. परंतु मानमोडी आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात, की नुसत्या डोळ्यांनी निवाडा करणे शक्य नाही. तो भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीनेच होतो. म्हणून मालकाचे पहिले कर्तव्य आजारी पक्षी वेगळा ठेवणे आणि पशुवैद्यकास कळविणे हे आहे. २००९ च्या कायद्यानेही अशी खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे.

आपली खरी परीक्षा येथेच होते. मरण्याआधी हलाल करून शिजवावी, म्हणजे वाया जाणार नाही, असे मनात येते. पण पवित्र कुरआनने अन्न हलालबरोबर तय्यब, म्हणजे शुद्ध आणि हितकर, असावे असे सांगितले आहे. शिवाय आजारी पक्षी कापताना आणि सोलताना रोग माणसापर्यंत पोहोचण्याचा धोका मोठा असतो. दुसरा मोह स्वस्तात विकून टाकण्याचा. मदीनेच्या बाजारात वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या पैगंबरांनी (स.) अशा फसवणाऱ्यास आपल्यातला मानले नाही. तिसरा मोह मेलेला पक्षी रात्री नाल्यात टाकून गप्प बसण्याचा. आजारी उंट निरोगी उंटांत मिसळू नयेत, ही पैगंबरांची (स.) शिकवण उंटांच्या मालकांना होती, खुराड्याच्या मालकासही ती तितकीच लागू आहे.

आता कठीण भाग. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू प्रथमच आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात, आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेर येथे तो आला. रोग सिद्ध झाल्यावर साधारण एक किलोमीटरच्या परिसरातील सर्व कोंबड्या मारून पुरतात. त्यात धडधाकट कोंबड्याही जातात. ज्या शेजारणीच्या कोंबड्यांना काहीच झालेले नाही, तिने हे का सोसावे?

फकीहांनी याचे उत्तर दोन नियमांत दिले आहे. सर्वांवर येणारे नुकसान टाळण्यासाठी एखाद्याचे खासगी नुकसान सोसणे भाग पडते, हा पहिला. निकड आली म्हणून दुसऱ्याचा हक्क नष्ट होत नाही, हा दुसरा. पहिल्या नियमाने कोंबड्या मारणे वैध ठरते आणि दुसऱ्याने शेजारीण भरपाईची हक्कदार ठरते. ती भरपाई म्हणजे खैरात नव्हे. सरकारी नियमातही मारलेल्या पक्ष्यांची भरपाई आहे, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे खबर दडवणारा स्वतःचा पैसा गमावतो, रोग पसरू देतो आणि शेजाऱ्यांचे खुराडे रिकामे करतो. हे हुकूकुल इबाद आहेत, माणसांचे माणसांवरील हक्क. शेजारणीने माफ केल्याशिवाय केवळ तौबेने ते फिटत नाहीत.

मारण्यातही एहसान आहे. जनावर मारताना ते उत्तम रीतीने मारावे, सुरी धारदार असावी, त्याला आराम द्यावा, ही पैगंबरांची (स.) आज्ञा आहे. हनफी ग्रंथांत उपद्रवी मांजरीलाही मारझोड करण्यास मनाई आहे. मारणे भागच पडले तर धारदार सुरीने मारावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणून पोत्यात कोंबून गुदमरविणे, काठीने झोडपणे किंवा जिवंत पुरणे हे कोणाच्याही हातून घडो, ते पापच आहे. पथकाकडून तसे होत असेल तर थांबवण्यास सांगणे हे आपले काम आहे.

वाचकहो, कोंबडी मारावी की नाही याचा निर्णय पुष्कळदा आपल्या हाती उरत नाही. कळवावे की लपवावे, हा निर्णय मात्र पूर्णपणे आपला असतो आणि जाब त्याचाच द्यावा लागणार आहे. अल्लाह आपणां सर्वांना अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.